पहिल्या रांगेतलं लिंबू

तिला सगळे ब्रेकताई म्हणायचे. गाडी शिकवायची तिची शाळा होती. शाळा म्हणजे एक खोली, भिंतीवर रहदारीच्या खुणांचा तक्ता आणि दारात उभी असलेली एक पांढरी गाडी. त्या गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूनेही एक ब्रेक होता. त्यावर पाय ठेवून ठेवून तिला अशी सवय लागली होती की घरी खुर्चीत बसलेली असतानाही समोरून मांजर आडवं गेलं की तिचा उजवा पाय आपसूक खाली दाबला जाई. गावातली निम्मी माणसं तिच्या हाताखालून गेली होती. सख्ख्या बहिणीला मात्र तिला शिकवता आलं नव्हतं. दुसऱ्याच धड्याला दोघी भर चौकात गाडी उभी करून भांडल्या आणि धाकटी उतरून पायी घरी गेली.

घरात दोघीच. धाकटी जनावरांच्या दवाखान्यात काम करायची. पिसाळल्यासारखं ओरडणारं मांजर तिने मांडीवर घेतलं की गप्प व्हायचं. आवाज चढवायचं खातं थोरलीकडे आणि समजूत काढायचं धाकटीकडे, अशी वाटणी कधी न बोलता झालेली होती आणि तिच्यावर घर छान चाललं होतं.

त्या घरात ट्रम्पेटवाला आला. आपल्या घरमालकिणीचं आजारी मांजर घेऊन तो दवाखान्यात आला आणि मांजर बरं झालं तरी येतच राहिला. उंच, सडपातळ, बोलायला मिठ्ठास. हळूहळू तो घरी जेवायला येऊ लागला, मग दर आठवड्याला, मग न विचारता. नोंदणी पद्धतीने लग्न करायचं ठरलं, तारीख घेतली, पत्रिका छापून झाल्या. ब्रेकताईने तर साडीसुद्धा घेतली, आणि तिला साडीच्या दुकानात नेणं म्हणजे बैलाला माडीवर चढवणं.

मग एका संध्याकाळी तो जेवायला आला. पानातलं संपवलं, पुन्हा मागून घेतलं, तेही संपवलं, ताट बोटाने पुसून लख्ख केलं, पाणी प्यायला आणि म्हणाला, "आपण हे लग्न नको करूया."

धाकटी वाढायला उभी होती. हातातला डाव तसाच राहिला. "का?"

"तू चांगली आहेस गं. त्यात काही वाद नाही. पण तुला कान नाहीत. मी वाजवतो तेव्हा तू ऐकत नाहीस, नुसती बसून असतेस. अशा माणसाबरोबर जन्म काढला तर माझ्यातलं संगीत मरून जाईल."

ब्रेकताई स्वयंपाकघराच्या दारात होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण शब्द सापडेपर्यंत त्याने बूट घातलेही होते. जाताना दार मात्र त्याने अगदी हलक्या हाताने लावलं. शेजारपाजाऱ्यांना त्रास नको ना!

पुढे कित्येक दिवस ब्रेकताईला एकच गोष्ट खात राहिली, आणि ती लग्न मोडल्याची नव्हती. लग्नं मोडतात. कानांचीही नव्हती. "अरे, नाहीच म्हणायचं होतं तर आल्याआल्या म्हणायचं होतं," ती एकटीच भांडी घासताना पुटपुटायची. "मेल्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं!" खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं तिने पाहिली होती. हा तर आधी पोटभर जेवला आणि मग वाढणारीचे कान मोजून गेला.

धाकटी रडली नाही. पत्रिका रद्दीत टाकल्या, नातेवाइकांचे फोन ताईवर सोपवले आणि दवाखान्यात जास्तीची पाळी मागून घेतली. जेवताना ताटाकडे बघत बसायची. एकदा एवढंच म्हणाली, "ताई, तू यात काही करू नकोस हं."

"मी कुठे काय करतेय?" ब्रेकताई म्हणाली. दात मात्र करकर वाजत होते.

काय करावं याचा विचार तिने पुष्कळ केला. टायर पंक्चर करावे म्हटलं, तर माणसाकडे गाडी तरी हवी. हा बसने फिरणारा. त्याच्या घरमालकिणीचे कान भरावे, तर ती बहिरी. शेवटी एका शिकाऊ बाईला मागे गाडी घ्यायला शिकवताना तिला मामा आठवला. मामा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. तो सांगायचा की पोरं समोर उभी राहून चिंच चोखायची, आणि ते बघून वाजवणाऱ्याच्या तोंडाला असं पाणी सुटायचं की फुंकर फुसकी पडायची. "तोफेला घाबरणार नाही एवढा मी चिंचेला घाबरतो," असं तो म्हणायचा. ब्रेकताईने तिथल्या तिथे ब्रेक दाबला. मागे घेणारी बाई दचकली. "नाही, नाही, तुमचं बरोबर आहे," ब्रेकताई हसून म्हणाली. तेवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली होती.

जुन्या छापखान्याच्या तळघरात दर रविवारी संध्याकाळी तो आणि त्याचे सोबती जॅझ वाजवायचे. तो पूर्वी दोघींना कितीदा या म्हणायचा. धाकटी जायची, थोरली कधी गेली नव्हती. जॅझ म्हणजे हॉटेलच्या लिफ्टमध्ये वाजतं ते, एवढीच तिची समज. रविवारी ती मंडईतून एक पिवळंधमक, रसाळ लिंबू निवडून घेऊन आली, घरीच चिरून डबीत भरलं आणि तळघरातल्या पहिल्या रांगेत अगदी मधोमध जाऊन बसली. भिंतींना अजून शाईचा वास होता. समोर चौघं होते. पियानोवर दिवसा शाळेत भूगोल शिकवणारे एक टकले मास्तर. उंच, आडव्या बांध्याची एक बाई तिच्याहून उंच डबल बेस, म्हणजे उभं धरायचं अवाढव्य व्हायोलिन, मिठीत धरून. ड्रमवर शर्टाच्या पांढऱ्याशुभ्र कफांचे एक म्हातारे काका. आणि मध्ये तो.

त्याने तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. तिने मान हलवून नमस्कार केला.

वाजायला लागलं आणि तिला वाटलं, हे चौघं भांडतायत. प्रत्येक जण दुसऱ्याचं वाक्य तोडतोय. हेच ते संगीत, ज्याच्यासाठी माझ्या बहिणीला कान नाहीत म्हणे! त्याने ट्रम्पेट ओठाला लावलं तसं तिने डबी उघडली, फोड काढली, आणि त्याच्या डोळ्यांत डोळे घालून सावकाश, मन लावून चोखली. आवाज करून.

ट्रम्पेटमधून जो आवाज निघाला तो कुत्र्याच्या पिल्लाच्या शेपटीवर पाय पडावा तसा होता. मागे कोणीतरी खुदकन हसलं. त्याने तोंड पुसलं, पुन्हा लावलं. तिने दुसरी फोड काढली.

त्या रात्री ब्रेकताईला मेल्यासारखी झोप लागली.

पण दुसऱ्या रविवारी तो शहाणा झाला होता. वाजवताना डोळे गच्च मिटून घ्यायचा. न बघणाऱ्यासमोर लिंबू काय चोखायचं? तिच्याच दातांना कळा आल्या. तेव्हा तिला कळून चुकलं की वार करायचा तर हा डोळे कधी उघडतो ते नेमकं ठाऊक पाहिजे, आणि त्यासाठी हे कडबोळं समजून घेतल्यावाचून गत्यंतर नाही. मध्यंतरात ती ड्रमवाल्या काकांकडे गेली.

"काका, कोणाची पाळी कधी येते हे तुम्हाला कसं कळतं? कागद तर कोणाच्याच समोर नाही."

काका घाम पुसत होते. "आधी सगळे मिळून गाणं म्हणतो. मग तेच गाणं एकेक जण आपापल्या मनाने सांगतो. बाकीचे त्याला धरून असतात. शेवटी परत सगळे मिळून."

"मला तर नुसता गोंधळ ऐकू येतो."

"हातांकडे बघताय म्हणून. हात थापा मारतात." त्यांनी ड्रमच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे दोन झांजा एकमेकींवर बसवलेल्या होत्या, पायाने मिटणाऱ्या. "माझा हा डावा पाय बघा. काही झालं तरी तो खोटं बोलत नाही."

पाय! हातांतलं तिला काही कळत नसेल, पायांतलं कळत होतं. माणूस घाबरलाय की निर्धास्त आहे, हे ती त्याच्या क्लचवरच्या पायावरून ओळखायची. ती जागेवर जाऊन बसली आणि काकांच्या डाव्या पायावर तिने डोळे रोवले. पाय उचलत होता, पडत होता, घाई नाही, आळस नाही. थोड्या वेळाने त्या पायाच्या वर काय चाललंय ते आपोआप ऐकू यायला लागलं, जशी धुक्यातून आधी रस्त्याची पांढरी रेघ दिसते आणि मग बाकीचं. भांडण नव्हतंच ते. एक जण बोलत होता आणि तिघं हुंकार देत होते. मग बेसवालीची पाळी आली. तिने दोन जाड सूर काढले, थांबली, तेच दोन सूर उलटे काढले आणि असं तोंड केलं की मी काहीच केलं नाही. पियानोवर मास्तर फसकन हसले आणि त्यांनी तोच विनोद वरच्या पट्टीत परत करून दिला. ब्रेकताईसुद्धा हसली. मोठ्याने. एक शब्द न बोलता सांगितलेला विनोद तिला कळला होता! डबी मांडीवर बंद होती आणि ट्रम्पेटवाल्याची पाळी येऊन गेल्याचं तिला भानच नव्हतं.

घरी जाताना तिला स्वतःचीच लाज वाटली. वैऱ्याच्या घरी जाऊन पोटभर जेवून यावं, तसं झालं होतं.

पुढच्या रविवारी ती गेली. त्याच्या पुढच्याही. मधल्या वारी एका हॉटेलात दुसऱ्याच तिघांचा ताफा वाजवायचा, तिथेही जाऊ लागली. "शत्रूचा अभ्यास चाललाय," असं ती स्वतःला बजावायची. पण ज्या हॉटेलात शत्रू पाऊलही टाकत नव्हता तिथे कसला अभ्यास? एका संध्याकाळी एका पोरगेल्या बाईने तिथे काचेच्या गोळ्या सांडाव्यात तसा पियानो वाजवला, आणि ब्रेकताई थंड झालेला चहा हातात धरून इतकी तल्लीन झाली की वेटरने दोनदा विचारलं, बाई, बरं वाटतंय ना? लिफ्टमधलं आणि हे एक कसं असेल! समोर माणूस बसलाय, त्यालाही पुढच्या क्षणी काय येणार ठाऊक नाही, आणि ते येताना आपण बघतोय. तिच्या धंद्यात अचानक काही घडलं की ब्रेक दाबायचा असतो. इथे अचानक घडावं म्हणूनच सगळे जमले होते.

धंद्यावरही परिणाम झाला. एक दिवस सिग्नलजवळ गाडी हळूहळू पुढे सरकत असताना तिचा पाय तिच्या नकळत ब्रेकवर ताल धरू लागला. गाडी झाडाला टांगल्यासारखी झोके खाऊ लागली आणि स्टीअरिंगवरचे जाडजूड गृहस्थ घामाघूम झाले. "ताई, माझं काय चुकतंय?" "काही नाही हो, तुम्ही चला," ती म्हणाली.

राग मात्र उतरला नव्हता. उलट आता तो पिकला होता, कारण आता तिला कळत होतं की तो फार चांगला वाजवतो. हे तिला सहन होत नव्हतं. एवढं गोड ज्याला फुंकता येतं, त्याने त्याच तोंडाने तसं बोलावं? ढोंगी असता, बेसूर असता, तर तिने केव्हाच सोडून दिलं असतं. घरी धाकटी अजून ताटाकडे बघत बसत होती. आणि इतकं ऐकून ऐकून ब्रेकताईला हवं ते सापडलं. शेवटचं गाणं संथ असायचं. त्याच्या अगदी शेवटी बाकी तिघं थांबायचे आणि ट्रम्पेटवाला एकटा एक लांब सूर धरायचा. मागे लपायला कोणी नाही. आणि त्या सुराच्या आधी, न चुकता, तो डोळे उघडायचा. काकांची खूण बघायला उघडत असेल, असं तिने धरलं. बस्स. मारायची ती जागा हीच.

डबी मात्र ती मुद्दाम उघडत नव्हती. त्याला निर्धास्त होऊ दे. बकरा पोसूनच कापायचा.

मग तळघराच्या मालकिणीने जाहीर केलं की पुढच्या रविवारी एका मोठ्या महोत्सवाचे लोक ऐकायला येणार आहेत, आवडलं तर बोलावणं होईल. त्या रविवारी तळघर गच्च भरलं. ब्रेकताई तीच लग्नासाठी घेतलेली साडी नेसून पहिल्या रांगेत बसली. चौघं कधी नव्हे असं वाजवत होते. मास्तर तर उड्या मारत होते. तिचं मन दोनदा पाघळलं. तिने धाकटीचं ताट डोळ्यांसमोर आणलं आणि मन पुन्हा घट्ट केलं.

संथ गाणं आलं. तिघं थांबले. त्याने डोळे उघडले. तिने अर्धं लिंबूच तोंडात पिळलं. डोळे मिचकावत, ओठ चाटत, आंबट रस हनुवटीवरून ओघळू देत.

सूर फुटला. त्याने सावरायला पाहिलं तर ट्रम्पेटमधून थुंकीची गुळगुळ ऐकू आली. पाहुण्यांतला एक जण हसला, मग दोघं, मग हसू रांगारांगांनी मागे पसरलं. त्याने ट्रम्पेट खाली केलं आणि ब्रेकताईकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. तिचा अर्थ ब्रेकताईला त्या वेळी लागला नाही, आणि लावून घ्यायचाही नव्हता. तो खाली उतरला आणि मागच्या दाराने निघून गेला. महोत्सवाचे लोक "पुढच्या वर्षी बघू" म्हणून उठले.

ती घरी आली ती तरंगतच. धाकटी कपडे घड्या करत बसली होती. ब्रेकताईने चपलाही न काढता सगळं तिखटमीठ लावून सांगितलं, लिंबाचा रस हनुवटीवर कसा ओघळला तेसुद्धा करून दाखवलं. धाकटी हसेल, रडेल, गळ्यात पडेल, असं तिला वाटलं होतं.

धाकटीने हातातली चादर नीट घडी करून ठेवली. "मी तुला सांगितलं होतं काही करू नकोस."

"अगं पण त्याने तुझा एवढा अपमान केला..."

"माझा केला ना? मग राग माझा होता." धाकटीचा आवाज चढलेला ब्रेकताईने जन्मात पहिल्यांदा ऐकला. "मी तो सांभाळून ठेवला होता, ताई. रोज थोडा थोडा बाहेर काढून बघत होते. एक दिवस मी त्याच्यासमोर उभी राहणार होते आणि काय बोलायचं ते बोलणार होते. आता कशी बोलू? आता तो बिचारा झाला! मला न विचारता तू माझा राग खर्चून आलीस."

ब्रेकताई वाकून चपला काढू लागली. "आणि अजून एक," धाकटी आत जाताजाता म्हणाली. "तू हल्ली आंघोळ करतानासुद्धा त्याचीच गाणी गुणगुणतेस. मला ऐकू येतं."

ट्रम्पेटवाल्याने ताफा सोडला. पुढच्या रविवारी ब्रेकताई तरीही गेली. का, ते तिलाच सांगता आलं नसतं. तिघंच वाजवत होते. वाईट नव्हतं, पण दातांमधला एक दात पडल्यावर जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जाते तसं तिचं होत होतं. संथ गाण्याच्या शेवटी तिघं थांबले. जिथे तो सूर यायचा तिथे काही आलं नाही. मास्तर पट्ट्यांवर हात ठेवून बसले, काकांनी तेवढा वेळ जाऊ दिला, आणि मग एक हलकी थाप मारून गाणं संपवलं.

खुर्च्या उचलल्या जाईपर्यंत ती बसून राहिली. काका जवळ आले. "आज लिंबू आणलं नाहीत?"

तिचा चेहरा उतरला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग मला हाकललं का नाही?"

"त्याने तुमच्या घरी काय केलं तेही ठाऊक होतं. म्हटलं, घेऊ दे धडा. मग तुम्ही आमच्यासाठी यायला लागलात. मला वाटलं, लिंबू आपसूक सुटेल." ते कफची बटणं लावत राहिले. "त्याला पाडलंत, ते तुमचं तुम्ही बघा. पण तो शेवटचा सूर त्या एकट्याचा नव्हता हो. आम्ही तिघं गप्प राहून तो वाजवत होतो."

याच्यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन दिवस तिने कसेबसे काढले आणि तिसऱ्या दिवशी त्याचं दार वाजवलं. एका शिवणकामाच्या दुकानावर त्याची खोली होती. खालून यंत्रांची घरघर येत होती. दाढी वाढलेली, ट्रम्पेटची पेटी पलंगाखाली ढकललेली. त्याने तिला पाहून दार लावलं नाही. नुसता बाजूला झाला.

"मी माफी मागायला आलेली नाही," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "आणि तुला माफ करायला तर मुळीच नाही. माणूस म्हणून तुझी किंमत माझ्या लेखी फुटक्या कवडीची. पण रविवारी जायला लाग."

"आता नाही जमणार, ताई."

"का? मी पहिल्या रांगेत बसणार नाही, झालं?"

"तसं नाही." तो खिडकीपाशी गेला. "तुम्ही एकदा हसलात. बेसच्या वेळी. आठवतंय? मी डोळे किलकिले करून बघत होतो, लिंबू येतंय का म्हणून. आणि तुम्ही हसलात. तिथे लोक येतात, गप्पा मारतात, फोन बघतात. त्या दिवशी मला कळलं की ही बाई ऐकतेय. त्यानंतर शेवटचा सूर मी तुमच्याकडे बघून वाजवायचो."

ब्रेकताईने भिंतीला हात टेकला. म्हणजे तो काकांची खूण बघायला डोळे उघडत नव्हता. ती ज्याला मारायची जागा समजली होती, ती जागा त्याने तिच्यासाठीच उघडी ठेवली होती.  आणि दुसऱ्याच क्षणी पूर्वीचा तो संताप उसळून वर आला.

"वा रे वा! म्हणजे तुला ऐकणारं माणूस हवं. तू कधी कोणाचं ऐकलंस? जेवलास, बोललास, बूट घातलेस. तिला एक शब्द बोलू दिलास का?"

तो पलंगाच्या कडेवर बसला.

"उद्या संध्याकाळी घरी यायचं. जेवायला नाही! पाणीसुद्धा मिळणार नाही. तिला जे बोलायचं असेल ते बोलेल, आणि ती थांब म्हणेपर्यंत तू तोंड उघडायचं नाही. आलास तर मला कळेल की तुझ्यात माणसाचा काही अंश शिल्लक आहे. नाही आलास तर मंडईत लिंबं स्वस्त आहेत, आणि तू कुठेही वाजवलंस तरी मला पत्ता लागेल."

घरी येऊन तिने धाकटीला सांगितलं, या खेपेला गोष्ट घडायच्या आधी. "येईल तो उद्या. तुला नको असेल तर दारातूनच परत पाठवते."

धाकटीने दवाखान्यात फोन करून उद्याची पाळी बदलून घेतली. मग म्हणाली, "तू घरात थांबायचं नाहीस."

तो आला. ब्रेकताई खाली जाऊन आपल्या गाडीत बसली. काचा वर केल्या तरी वरच्या खिडकीकडे मान सारखी जात होती. काही ऐकू येत नव्हतं. पडद्यावर धाकटीची सावली तेवढी दिसत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्येच हात उचलणारी. जनावरांना थोपटणारा तो हात इतका उंच उठू शकतो, हे थोरलीला ठाऊक नव्हतं. अंधार पडून दिवे लागले तरी सावली थांबेना. शेवटी तो खाली आला तेव्हा कोणीतरी पिळून वाळत घालावा तसा दिसत होता. गाडीजवळून गेला, पण त्याला गाडी दिसली नाही.

वर धाकटी खुर्चीत पाय पसरून बसली होती. "काय बोललीस?" ब्रेकताईने विचारलं.

"ते तुला कशाला?" धाकटी म्हणाली. "भूक लागलीय. काहीतरी कर." आणि त्या दिवशी तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

ट्रम्पेटवाला काही आठवड्यांनी परत वाजवू लागला. आधी बिचकत, मग पूर्वीसारखा, मग पूर्वीपेक्षा बरा. आता इतरांच्या पाळीत तो खाली मान घालून ऐकत असायचा. ब्रेकताई कडेच्या खुर्चीवर बसायची. शेवटचा सूर आला की तिच्या अंगावर काटा यायचा आणि त्याच क्षणी त्याच्या थोबाडीत मारावीशीही वाटायची, आणि या दोन्ही गोष्टी एकाच छातीत कशा मावतात याचं तिला नवल वाटायचं. टाळ्या ती काकांसाठी वाजवायची, मास्तरांसाठी वाजवायची, बेसवालीसाठी तर उभी राहून वाजवायची. त्याची पाळी संपली की दोन्ही हात मांडीवर. तो बघायचा. ती दाखवायची.

उन्हाळ्यात त्यांना दुसऱ्या शहरातून वाजवायला बोलावणं आलं. मास्तर आणि काका ड्रम घेऊन एका ओळखीच्या गाडीने पहाटेच गेले. बेस कशात मावेना, तेव्हा ब्रेकताईने आपण होऊन गाडी काढली. पुढची सीट पूर्ण पाडून तो राक्षस आडवा घातला, त्याची मान थेट मागच्या काचेला टेकली. बेसवाली ड्रायव्हरच्या मागे अंग चोरून बसली. तिच्या शेजारी, बेसच्या मानेखाली, एका सडपातळ माणसापुरती जागा उरली होती.

ट्रम्पेटवाला पेटी घेऊन फुटपाथवर उभा होता. त्याने जागेकडे पाहिलं, मग ब्रेकताईकडे.

तिने पर्स उचलली आणि त्या जागेवर नीट ठेवली.

"बस स्टँड डावीकडे," ती काच खाली करून म्हणाली. "आणि उशीर करू नकोस. मला शेवटचं गाणं ऐकायचंय."

तिने गिअर टाकला. मागे बेसवाली तोंडावर हात धरून गदगदा हसत होती.